‘ध्यानाने फरक पडतो का?’ कशाच्या तुलनेत, ते आधी सांगा

नागपूरच्या मानेवाड्यातल्या ३४ वर्षांच्या एका तरुणाचा प्रश्न आहे. मिहानमध्ये नोकरी, आलटून-पालटून रात्रपाळी. गेल्या वर्षी धडधड सुरू झाली, झोप उडाली, लिफ्टमध्ये जीव गुदमरू लागला. मानसोपचारतज्ज्ञांनी एसिटालोप्राम ही चिंतेवरची गोळी, १० मिलिग्रॅम, दिली, सहा महिन्यांत बराच उतार पडला. आई विहारात नियमित जाणारी. माहुरझरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आली, तेव्हापासून तिने बीपीची गोळी आपणच अर्धी केली आहे आणि मुलाला म्हणते, ‘तूही बस, मग तुलाही गोळी लागणार नाही.’ वडिलांचं आयुष्य चळवळीत गेलं. त्यांचं म्हणणं, ‘बाबासाहेबांनी डोळे उघडायला शिकवलं, मिटायला नाही.’ मुलगा विचारतो: विज्ञान यात कुणाच्या बाजूचं? आणि गोळी सोडून शिबिराला जाऊ का?

शेवटचं आधी सांगतो. गोळी सोडून जाऊ नका. शिबिराला जायचं का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर ‘नको’च आहे असं नाही. पण दोन्ही गोष्टी एकाच पंधरवड्यात केल्या आणि अकराव्या दिवशी धडधड परत आली, तर ती ध्यानाने आली की गोळी सुटल्याने, हे तुम्हालाही कळणार नाही आणि तुमच्या डॉक्टरांनाही.

मी नागपुरात चोवीस वर्षं मानसोपचार करतो आहे. मेडिकलला शिकलो, धरमपेठेत दवाखाना आहे. स्वतः पहाटे ध्यानाला बसतो, म्हणजे जमेल तेव्हा. उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी भरायला लवकर उठावंच लागतं म्हणून नेम टिकतो, डिसेंबरात मोडतो. हे सांगायचं कारण असं, की या विषयावर बोलणारे बहुतेक लोक स्वतः ध्यान करणारे असतात, संशोधकसुद्धा. ज्याला गुळाची गोडी लागली त्यानेच गूळ तोलायला घेतला तर काटा जरा कलतो. माझाही कलत असेल. वाचताना तेवढं वजा करा.

आधी शब्दाचं बघू. मराठीत ‘ध्यान’ किती ठिकाणी राबतं! ‘ध्यानात ठेव’ म्हणजे विसरू नको, ‘ध्यान दे’ म्हणजे लक्ष दे, ‘ध्यानीमनी नसताना’ म्हणजे अचानक, आणि दारात एखादा गबाळा पोरगा येऊन उभा राहिला तर ‘काय ध्यान आहे!’ संशोधनातही थोडंफार असंच झालं आहे. श्वास पाहणं, मंत्र जपणं, मैत्रीभावना करणं, डोक्यापासून पायापर्यंत संवेदना पाहत जाणं, नुसतं स्वस्थ बसणं, सगळ्यांच्या दारावर एकच पाटी. संस्कृतातलं ध्यान पालीत झान झालं, चीनमध्ये चान, जपानमध्ये झेन. शब्द ओळखू येतो, पण करायची गोष्ट प्रत्येक मुक्कामी बदलली. त्यामुळे ‘ध्यानाचा मेंदूवर परिणाम’ असा मथळा दिसला की मी तो ‘औषधाचा शरीरावर परिणाम’ असा वाचतो. अहो, पण कोणतं औषध?

ध्यान-योगाला यंत्र लावून पाहण्याचं काम शंभर वर्षांपूर्वी आपल्याच राज्यात सुरू झालं होतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढली, आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही. उड्डियान, नौली या पोटाच्या क्रिया करताना शरीरातला दाब किती बदलतो, हे ते क्ष-किरण आणि दाबमापक लावून पाहत. योगाचे चमत्कार सांगणारे तेव्हाही पैशाला पासरी होते. नळी लावून आकडा लिहून घेणारा माणूस विरळा.

मेंदूच्या लहरींचं गाजलेलं भारतीय काम १९६१ चं. दिल्लीच्या एम्समध्ये बी. के. आनंद, जी. एस. छिना आणि बलदेव सिंग यांनी योग्यांच्या डोक्याला तारा लावल्या. माणूस डोळे मिटून शांत बसला की आलेखात अल्फा नावाच्या लहरी उमटतात. दार आपटलं, चटका बसला की त्या मोडतात. योगी एरवी बसलेले असताना त्यांच्याही मोडल्या. समाधीत गेल्यावर मात्र झगझगीत प्रकाश, मोठा आवाज, गरम काचनळीचा स्पर्श, कशानेच मोडेनात. दोघांनी तर ४ अंशांच्या थंडगार पाण्यात पाऊण तासाच्या वर हात बुडवून ठेवला, तरी अल्फा आपली जागच्या जागी.

पाच वर्षांनी, १९६६ मध्ये, जपानात कासामात्सु आणि हिराई यांचा झेन साधकांवरचा अभ्यास छापून आला. त्यात ठरावीक अंतराने ‘टक्’ असा आवाज ऐकवत. तुमचा-माझा मेंदू पहिल्या दोन-चार आवाजांना दाद देतो, मग सवय होते. कूलर सुरू केल्यावर दहा मिनिटांनी त्याची घरघर ऐकू येईनाशी होते ना, तसं. झेन गुरूंचा मेंदू मात्र आवाज कितीही वेळा झाला तरी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा दाद देत राहिला.

काय देखणी जोडी आहे बघा. एकाच्या आत आवाज शिरतच नाही, दुसऱ्याला प्रत्येक आवाज कोरा करकरीत. जगाला उंबऱ्याबाहेर ठेवणारं ध्यान आणि जगाला घरात बसवून घेणारं ध्यान. मी निवासी डॉक्टरांना हे कित्येक वर्षं रंगवून शिकवलं. मग एकाने १९८१ चा बेकर आणि शपायरो यांचा लेख माझ्या टेबलावर आणून ठेवला. त्यांनी झेनवाले, योगवाले, भावातीत ध्यानवाले (महर्षी महेश योगींचं मंत्र-ध्यान करणारे) आणि ध्यान न करणारे अशा सगळ्यांना एकाच पद्धतीने टक्-टक् ऐकवलं होतं. गटागटांत फरक सापडला नाही. आधीच्या दोन्ही अभ्यासांत खऱ्या कसोटीला उतरलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती, देश दोन, प्रयोगशाळा दोन, यंत्रं दोन. त्यांची एकमेकांशी तुलना कुणी केलीच नव्हती. ती आपण मनातल्या मनात करून टाकली होती. आजही मी ती जोडी सांगतो, पण तिसरा लेख सांगितल्याशिवाय तास सोडत नाही.

तुमच्या प्रश्नाची किल्ली इथे आहे. ‘फरक पडतो का’ या प्रश्नाला काही अर्थ नाही. कशाच्या तुलनेत पडतो, हे विचारायचं.

भावातीत ध्यानाचं उदाहरण घ्या. १९७० मध्ये रॉबर्ट कीथ वॉलेस यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात छापलं की या ध्यानात शरीराचा प्राणवायूचा खप घटतो, हृदयाची गती मंदावते. जगभर गाजावाजा झाला. हार्वर्डच्या हर्बर्ट बेन्सन यांनी त्यातून शरीराच्या ‘विश्राम-प्रतिसादा’ची कल्पना मांडली. १९८४ मध्ये डेव्हिड होम्स यांनी तोवरचे सगळे अभ्यास पुढ्यात घेतले आणि फार साधा प्रश्न विचारला: ध्यान करणाऱ्याची तुलना नुसतं डोळे मिटून आराम करणाऱ्याशी केली होती का? जिथे केली होती तिथे शरीर शांत होण्यात दोघांत फरक दिसत नव्हता. (दुपारी आडवं होण्याची ख्याती पुण्याने उगाच पटकावली आहे. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी दोन वाजता सीताबर्डीवर किती माणसं दिसतात, मोजून पाहा.)

मेंदूच्या रंगीत चित्रांचं तर विचारूच नका. २०११ मध्ये एक अभ्यास आला: आठ आठवडे ध्यान केल्यावर स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस या भागातला करडा पदार्थ वाढतो. ध्यान करणारे होते जेमतेम सोळा. ते चित्र अजूनही कार्यशाळांच्या पडद्यावर झळकतं, आणि वक्त्याचा आवाज त्या क्षणी बरोबर खर्जात जातो. २०२२ मध्ये २१८ जणांवर, तोच आठ आठवड्यांचा कार्यक्रम घेऊन, नीट तुलनागट ठेवून पुन्हा पाहिलं, तर मेंदूच्या रचनेत फरक मिळाला नाही. याचा अर्थ ध्यान फुकट जातं असा नाही. दोन महिन्यांत मेंदूचा आकार बदलतो हा दावा टिकला नाही, एवढाच. घाबरणं कमी झालं असेल तर मला रुग्णाच्या हिप्पोकॅम्पसशी काय देणंघेणं?

आता टिकलेलं सांगतो. २०१४ मध्ये अमेरिकेत ४७ चाचण्यांचा, ३,५१५ माणसांचा एकत्र आढावा निघाला. त्यात अट अशी होती, की तुलनागटालाही काहीतरी दिलेलं हवं: तेवढाच वेळ, तेवढंच लक्ष, वर्ग, गप्पा. नुसतं ‘यादीत नाव आहे, थांबा’ म्हणून घरी बसवलेल्या लोकांशी तुलना चालणार नव्हती. चाळणी इतकी बारीक लावल्यावर उरलं ते असं: सजगतेच्या (‘माइंडफुलनेस’च्या) ध्यानाने चिंता, उदासी आणि दुखणं यांत बेताची पण खरी सुधारणा. आठ आठवड्यांनंतर चिंतेतला फरक ०.३८, उदासीतला ०.३०. हे टक्के नव्हेत, परिणाम मोजायची एक पट्टी आहे. त्याच पट्टीवर नैराश्याच्या गोळ्या साखरेच्या गोळीपेक्षा साधारण ०.३० नेच पुढे असतात. म्हणजे ध्यान काही फालतू नाही. पण त्याच आढाव्यात हेही आहे, की व्यायाम, गोळी किंवा बोलून केलेले उपचार यांच्यापेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही.

तुमच्या कामाचा अभ्यास त्यानंतरचा आहे, २०२२ चा, आणि योगायोगाने तुमच्याच गोळीचा. चिंतेचे विकार असलेले २७६ जण. निम्म्यांना एसिटालोप्राम, १० ते २० मिलिग्रॅम. निम्म्यांना ‘एमबीएसआर’ हा सजगतेचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम, जो जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या रुग्णालयात सुरू केला. आठ आठवड्यांनंतर दोन्ही गटांची सुधारणा जवळपास सारखी. दुष्परिणामांमुळे गोळी सोडणारे दहा निघाले, त्या कारणाने ध्यान सोडणारं कुणी नव्हतं. मातोश्रींना हे वाचून दाखवा, त्या खूश होतील. पण पुढचंही वाचा. आठवड्याला अडीच तासांचा वर्ग, एक अख्खा दिवस मौनात, घरी रोज ४५ मिनिटं. एवढं केल्यावर ती बरोबरी आहे. ‘झोपताना यूट्यूबवर दहा मिनिटं लावतो’ याची नाही.

आणि हा कार्यक्रम म्हणजे दहा दिवसांचं शिबिर नव्हे. हिशेब करा. त्यांचे सगळे मिळून सत्तरेक तास होतात, पण दोन महिन्यांत पसरलेले, रोज रात्री आपल्या घरी, आणि काही बिघडलं तर आठवड्याच्या आत शिक्षक समोर. शिबिरात पहाटे चारला घंटा, दिवसाला दहा तासांच्या आसपास बैठक, दहाव्या दिवसापर्यंत मौन, फोन जमा. म्हणजे शंभरेक तास दीड आठवड्यात. डोस जास्त आणि एकदम. कित्येकांना तो मानवतो. माझ्या ओळखीत अशी माणसं आहेत ज्यांची दारू त्या दहा दिवसांनी सुटली. पण एमबीएसआरच्या चाचण्या दाखवून शिबिराची हमी देणं म्हणजे क्रोसिनच्या अभ्यासावरून सलाइन लावणं.

गोळी सोडण्याबद्दलही एक चांगला अभ्यास आहे, २०१५ चा, ब्रिटनमधला. नैराश्य तीन किंवा अधिक वेळा येऊन गेलेले आणि गोळी चालू असलेले ४२४ रुग्ण. एका गटाची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवली आणि त्यांना सजगतेवर आधारलेले गटोपचार दिले. दुसऱ्याची गोळी चालू ठेवली. दोन वर्षांत आजार उलटला तो पहिल्यात ४४ टक्के, दुसऱ्यात ४७ टक्के जणांमध्ये. जवळपास सारखाच. म्हणजे गोळी उतरवता येते. आधी कौशल्य अंगी बाणवून, मग हळूहळू, कुणीतरी पाहत असताना. तुमचा आजार चिंतेचा आहे, नैराश्याचा नाही, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे तुम्हाला लागू नाहीत. क्रम मात्र लागू आहे.

श्वासाबद्दल थोडं लांबण लावतो, कारण मला त्यात मजा येते. २००१ मध्ये इटलीतल्या बर्नार्डी यांच्या गटाने २३ निरोगी माणसांना जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना म्हणायला लावली, आणि एकदा ‘ॐ मणि पद्मे हुं’ हा तिबेटी मंत्र. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला. एरवी आपण बारा ते वीस वेळा घेतो. सहाच्या गतीला एक गंमत होते: रक्तदाब सांभाळणाऱ्या नैसर्गिक यंत्रणेचा हेलकावा आणि श्वासाचा हेलकावा जुळतात, झोका योग्य वेळी ढकलल्यासारखं, आणि ती यंत्रणा जास्त तरतरीत होते. ख्रिस्ती जपमाळ आणि बौद्ध मंत्र, भाषा वेगळ्या, देव-धर्म वेगळा, श्वासाची चाल एक.

ते वाचलं त्या रविवारी मी घड्याळ घेऊन आईजवळ बसलो. ती हरिपाठ म्हणत होती, पाठीला उशी, डोळे अर्धे मिटलेले. चरण म्हणताना लांब सोडलेला श्वास, मध्ये छोटीशी उसंत, पुढचा चरण. मिनिटाला सात. मग तिने विचारलं, ‘काय मोजतोस रे?’ आणि पुढच्या मिनिटाला अकरा झाले. (मोजल्याने मोजायची वस्तूच बदलते, हा धडा तिने मला फुकट दिला.) शेजारच्या बुद्ध विहारात पौर्णिमेच्या वंदनेला मी जातो. ‘बुद्धं सरणं गच्छामि’ शंभर जण संथ म्हणतात तेव्हा प्रत्येक ओळ एका श्वासावर जाते, कुणी न सांगता. मोझरीच्या परंपरेत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी पहाटेचं सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना गावोगाव नेमून दिली. विदर्भातल्या कुठल्याही खेड्यात ती ऐका, चाल संथच. आमच्या आज्यांनी रक्तदाबाच्या यंत्रणेचं नाव ऐकलं नव्हतं, पण चाल बरोबर धरली होती. यावरून ‘आमच्या पूर्वजांना सगळं माहीत होतं’ अशी उडी कृपया मारू नका. इटलीतल्या आज्यांनाही तेच साधलं होतं.

आता तापदायक भाग. २०२० मध्ये ८३ अभ्यासांचा एक आढावा निघाला. त्यात ध्यानाने काही ना काही त्रास झाल्याचं प्रमाण ८.३ टक्के होतं. सर्वांत जास्त तक्रारी चिंतेच्या आणि उदासीच्या, म्हणजे ज्याकरता लोक ध्यानाकडे येतात त्याच. हे प्रमाण बोलून केलेल्या उपचारांत होणाऱ्या त्रासाच्या जवळपास आहे, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण ‘ध्यानाने कुणाचं वाईट होत नाही’ हे वाक्य बंद करायला हवं.

माझ्याकडे एक बाई येत, चाळिशीच्या, बँकेत नोकरीला. त्यांना कुणीतरी श्वासावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. म्हणाल्या, ‘डॉक्टर, श्वासाकडे पाहिलं की तो आता थांबते असंच वाटून राहिलं मले.’ ज्याला घाबरण्याचे झटके येतात त्याचं लक्ष आधीच छातीत अडकलेलं असतं; त्याला परत छातीकडेच पाहायला सांगणं म्हणजे खपली काढणं. त्यांना चपला काढायला लावल्या. उघडे पाय फरशीवर. टाचेला गार लागतं की कोमट? करंगळी टेकते की नाही? दोन फरश्यांमधली फट कुठे लागते? तीन मिनिटांनी खांदे खाली आले. दोन महिने त्या पायांवरच होत्या, मग कानांवर, रस्त्यावरच्या ऑटोंचे आवाज ऐकत. श्वासापर्यंत यायला चार महिने लागले. तुम्हालाही लिफ्टमध्ये गुदमरतं, म्हणून हे विस्ताराने लिहिलं.

दुसरी गोष्ट माझ्या चुकीची. एक तरुण, द्विध्रुवी (बायपोलर) आजार, लिथियमच्या गोळीवर चार वर्षं छान. एका भेटीत म्हणाला, बाहेरगावी ध्यान-शिबिराला जातोय. मी म्हटलं, वा! एवढंच. गोळ्यांचं काय करणार, फॉर्मवर आजार लिहिला का, हे विचारायला हवं होतं; विचारलं नाही, बाहेर रांग होती. त्याने दोन आठवडे आधीच लिथियम सोडलं होतं आणि फॉर्मवर ‘आजार: नाही’ लिहिलं होतं. सहाव्या दिवसापासून झोप गेली. परत आला तेव्हा त्याला सगळं कळलं होतं. विश्व कसं चालतं, मी कुठे चुकतो, सगळं. तीन आठवडे भरती ठेवावं लागलं. या आजारात झोप मोडली की मॅनिया (उन्माद) उसळतो, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असतं. चूक शिबिराची नव्हती, त्यांना खरं सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून माझ्या टेबलाच्या काचेखाली चिठ्ठी आहे: ‘शिबिर? मग गोळ्या?’

वडिलांच्या मुद्द्याकडे येतो. तो उडवून लावण्यासारखा नाही, आणि इतिहास पाहिला तर दोघांनाही थोडं मागे सरकावं लागेल. सामान्य गृहस्थांनी हजारोंच्या संख्येने विपश्यनेला बसणं, ही प्रथा आपल्याला अडीच हजार वर्षांपासून तशीच चालत आलेली वाटते. आजच्या रूपात ती गेल्या शे-दीडशे वर्षांतली आहे. इंग्रजांनी ब्रह्मदेशाचं राज्य घेतलं, बुद्धशासन, म्हणजे बुद्धाची शिकवण, टिकेल की नाही ही चिंता तिथे पसरली, आणि लेडी सयाडो (१८४६–१९२३) यांच्यासारख्या भिक्खूंनी अभ्यास आणि ध्यान दोन्ही गृहस्थांच्या हाती दिले. त्या परंपरेतले ऊ बा खिन हे तर सरकारी हिशेबखात्याचे प्रमुख. त्यांच्याकडे १९५५ मध्ये अर्धशिशीने हैराण झालेले एक व्यापारी आले, सत्यनारायण गोयंका. गोयंका १९६९ मध्ये भारतात आले, १९७६ मध्ये इगतपुरीचं धम्मगिरी उभं राहिलं. म्हणजे जे आपल्याकडे परतलं ते एका पारतंत्र्यातल्या समाजाने स्वतःला सावरण्यासाठी काढलेल्या वाटेतून परतलं. वडिलांना यातलं राजकारण चटकन कळेल.

आणि बाबासाहेब. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये अष्टांगिक मार्ग पाळण्याची प्रतिज्ञा आहे, आणि त्या आठांत सम्यक स्मृती आणि सम्यक समाधी येतात. तेव्हा डोळे मिटून बसणं धम्माबाहेरचं, असं वडिलांना म्हणता येणार नाही. पण त्या आठांत सम्यक आजीविकाही आहे, सम्यक वाचाही. वडिलांचा खरा आक्षेप मला असा ऐकू येतो: माणसाला बारा-बारा तासांच्या पाळ्या लावायच्या आणि मग म्हणायचं, श्वासाकडे बघ, शांत हो. या आक्षेपाशी मी पूर्ण सहमत आहे. कंपन्यांच्या ‘तणावमुक्ती’ सत्रांना मी आता जात नाही, त्याचं कारण हेच. गेलो की पहिला प्रश्न पाळ्यांचा विचारतो, आणि दुसऱ्यांदा बोलावणं येत नाही.

‘माइंडफुलनेस’ या शब्दामागेही एक भाषांतर आहे. पालीतल्या ‘सति’ला १८८१ मध्ये ऱ्हिस डेव्हिड्स यांनी तो इंग्रजी शब्द दिला. सति म्हणजे संस्कृतातली स्मृती. आठवण. काय करतो आहोत आणि कशासाठी, हे न विसरणं. इंग्रजीतून परत येताना त्यातली आठवण गळाली आणि ‘फक्त या क्षणात राहा’ एवढंच उरलं. मराठीत मात्र ‘ध्यानात ठेव’ अजून जिवंत आहे.

शाळांचं ओझरतं सांगतो, कारण पुढचा प्रश्न बहुधा भाच्याच्या दहावीचा असेल. ब्रिटनमध्ये आठ हजारांहून जास्त मुलांना शाळेत सजगता शिकवून पाहिली, निकाल २०२२ मध्ये आला: नेहमीच्या शिकवण्यापेक्षा काही जास्त मिळालं नाही. सक्तीने शिकवलेलं बहुतेक मुलांनी घरी केलंच नाही. मुलांना फुटाळ्यावर फिरायला न्या.

तर आता तुम्ही काय करायचं? हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासलं नसेल तर ते आधी तपासा; धडधड त्यानेही होते, आणि पंडुरोगावर (रक्त कमी असण्यावर) आनापान, म्हणजे श्वास पाहणं, चालत नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात ध्यान वाढवण्यापेक्षा झोप भरून काढा. रोज पंधरा मिनिटांनी सुरुवात करा, पायांपासून, आणि श्वास सोडणं घेण्यापेक्षा लांब ठेवा. एकट्याने जमत नसेल तर रामनगरला जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळात आसन-प्राणायाम शुल्क न घेता शिकवतात, माणसं भेटतात. तीन महिने हे टिकलं, झोप स्थिर राहिली, मगच शिबिराचा विचार, आणि गोळी चालू ठेवून. शिबिरानंतर दोन-तीन महिने सगळं ठीक राहिलं, की डॉक्टरांशी गोळी उतरवण्याचं बोला. ती काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवतात. मध्येच फार घाबरल्यासारखं झालं, डॉक्टर हाती लागले नाहीत, तर १४४१६ ही टेली-मानसची सरकारी हेल्पलाइन मराठीत बोलते.

आईंचं. त्यांनी अर्धी केलेली गोळी डॉक्टरांना विचारून आजच पूर्ववत करायला लावा. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये या विषयावरचं सगळं काम तपासून म्हटलं, की ध्यानाने हृदयविकाराचा धोका थोडा कमी होऊ शकेल, पण ते नेहमीच्या उपचारांच्या जोडीला, त्यांच्या जागी नव्हे. त्यांना पटत नसेल तर वाद घालू नका. बीपीचं यंत्र आणा. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं स्वस्थ बसून, हात टेबलावर ठेवून मोजा आणि वहीत लिहा. वंदनेच्या आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा वेगळ्या रकान्यात. फरक दिसेल, मला खात्री आहे. मग दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा पाहा. ती वही घेऊन तुम्ही दोघं डॉक्टरांकडे जा. शिबिराचा फॉर्म भरायची वेळ येईल तेव्हा आजारांच्या रकान्यात गोळीचं नाव आणि मिलिग्रॅम, दोन्ही लिहा.